चौदा संघांचा पिचर आणि सोलापूरकरांचे प्रश्न

गेल्या अंकात एडविन जॅक्सन या अमेरिकन बेसबॉलपटूवर अर्ध्या पानाचे टिपण छापले होते. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतील बेसबॉलची सर्वांत वरची स्पर्धा, आणि पिचर म्हणजे फलंदाजाकडे (तिकडच्या भाषेत बॅटरकडे) चेंडू टाकणारा खेळाडू. मेजर लीगमधील तीस संघांपैकी चौदा संघांकडून हा पिचर खेळला. २०१९ मध्ये त्याने हा विक्रम केला आणि २०२५ मध्ये रिच हिल या पंचेचाळीस वर्षांच्या डावखुऱ्या पिचरने त्याची बरोबरी केली, एवढाच त्यातला मजकूर होता. क्रिकेटच्या गावात बेसबॉलवर कोण पत्र लिहिणार, असे वाटले होते. पण पॉली उम्रीगरांच्या या जन्मगावातून आलेली पत्रे नेमकी आणि काही तर चांगलीच बोचरी निघाली. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली असून फक्त राहत्या भागाचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न : माझे सारे आयुष्य यंत्रमागावर गेले, जॉबर म्हणून निवृत्त झालो. आमच्याकडे एखादा कामगार दर वर्षी कारखाना बदलू लागला की नवा मालक त्याला कामावर घेताना दहादा विचार करतो, कारण माणसात काही खोट असल्याखेरीज कोणी त्याला सोडणार नाही, असा सरळ हिशेब असतो. मग चौदा मालकांनी सोडलेल्या खेळाडूचे आपण कौतुक कशासाठी करता?
— एक वाचक, भवानी पेठ

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि जॅक्सनचे एकूण आकडे पाहिले तर ती आणखी बळावेल. २००३ ते २०१९ या सतरा हंगामांत त्याच्या नावावर १०७ विजय आणि १३३ पराभव लागले. पिचरने दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या धावा वगळून सरासरी किती धावा दिल्या हे सांगणारा आकडा, ज्याला तिकडे ईआरए म्हणतात, तो त्याच्या बाबतीत ४.७८ भरला. चांगला पिचर चारच्या आत राहतो आणि उत्तम पिचर तीनच्या आसपास. तेव्हा जॅक्सनला कोणी थोर म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. परंतु त्याला कोणी, केव्हा आणि कशासाठी हलवले हे क्रमाने पाहू लागलो की आपला हिशेब उलटा पडू लागतो.

जॅक्सनचा जन्म १९८३ चा, पश्चिम जर्मनीतला. वडील अमेरिकी सैन्यात होते. २००१ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने त्याला निवडले आणि ९ सप्टेंबर २००३ रोजी, नेमक्या विसाव्या वाढदिवशी, त्याने मेजर लीगमधला पहिला सामना खेळून जिंकला. समोर ॲरिझोनाचा रँडी जॉन्सन होता, ज्याच्यासमोर उभे राहायला त्या काळी भलेभले बॅटर कचरत. पुढे डॉजर्सने त्याला टॅम्पा बेकडे दिले, टॅम्पा बेने डेट्रॉइटकडे. डेट्रॉइटमध्ये २००९ साली तो हंगामातील निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात निवडला गेला, आणि त्याच वर्षअखेरीस तीन संघांच्या एका मोठ्या अदलाबदलीत त्याला ॲरिझोनाला धाडण्यात आले.

२५ जून २०१० चा सामना थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. ॲरिझोनाकडून जॅक्सन आपल्या जुन्याच संघाविरुद्ध, टॅम्पा बेविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर खेळत होता. चार चेंडू स्ट्राइकच्या पट्ट्याबाहेर, म्हणजे बॅटरच्या पुढ्यातील गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या ठरलेल्या जागेबाहेर, गेले की बॅटरला फुकटात पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, मिळतो, त्याला वॉक म्हणतात. जॅक्सनने पहिल्या तीन इनिंगमध्येच सात वॉक दिले. तिसऱ्या इनिंगमध्ये तर तिन्ही बेस भरले होते. अशा वेळी व्यवस्थापक साधारणतः पिचरला बाहेर काढतो. इथे अडचण अशी होती की त्याच्या चेंडूवर कोणाला फटकाच मारता येत नव्हता. तो टिकला, सावरला, आणि नऊ इनिंग संपल्या तेव्हा प्रतिस्पर्ध्यांच्या नावावर एकही हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, नव्हता. ॲडम लारोशच्या एकमेव होम रनवर, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेल्या फटक्यावर, ॲरिझोनाने सामना १-० असा जिंकला. एकूण वॉक आठ, एकूण चेंडू १४९. आजकाल शंभराच्या आसपास चेंडू झाले की पिचरला बसवतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आकड्याचे वजन कळते.

असा नो-हिटर सामना बहुतेक पिचरांच्या उभ्या कारकिर्दीत एकदाही होत नाही. तो टाकल्यावर पाच आठवड्यांत, ३० जुलैला, ॲरिझोनाने त्याला शिकागो व्हाइट सॉक्सकडे पाठवले. पुढच्या वर्षी २७ जुलैला व्हाइट सॉक्सने त्याला टोरंटोकडे दिले आणि टोरंटोने त्याच दिवशी सेंट लुईस कार्डिनल्सकडे. टोरंटोची जर्सी अंगावर चढण्याआधीच तो टोरंटोचा माजी खेळाडू झाला होता! त्या वर्षी कार्डिनल्सने वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकली, त्यामुळे एका दिवसात दोनदा विकल्या गेलेल्या या माणसाच्या पदरात विजेतेपद पडले.

याच्या उलट बाजू पाहा. २०१३ च्या हंगामाआधी शिकागो कब्जने त्याच्याशी चार वर्षांचा, ५.२ कोटी डॉलरचा करार केला. डॉजर्स आणि टॅम्पा बे इथल्या सुरुवातीच्या वर्षांनंतर तो सर्वांत जास्त काळ टिकला तो याच संघात, आणि त्याची सर्वांत वाईट वर्षेही हीच. २०१३ मध्ये त्याने आठ सामने जिंकले आणि अठरा गमावले. कराराची रक्कम हमीची असल्याने त्याला काढणे कब्जला महाग पडत होते. अखेर जुलै २०१५ मध्ये त्यांनी त्याला मोकळे केले. म्हणजे तो चांगला खेळत होता तेव्हा दर वर्षी संघ बदलत होता, आणि वाईट खेळत होता तेव्हा एका जागी होता. चांगल्या खेळाडूला गिऱ्हाईक असते, शिवाय त्याचा पगार लवकरच वाढणार असतो, म्हणून संघ त्याला वेळेत दुसरीकडे देऊन बदल्यात दोन तरुण पदरात पाडून घेतो. २०१५ नंतरचे त्याचे फिरणे मात्र निराळ्या जातीचे होते. तिथे कोणाचा तरी हात दुखावला म्हणून तात्पुरती जागा भरायला त्याला बोलावले जाई. त्यातही २०१८ मध्ये ओकलंडसाठी त्याने सतरा सामन्यांची सुरुवात करून ३.३३ चा ईआरए राखला, आणि तो संघ बाद फेरीत गेला. त्यानंतर २०१९ मध्ये टोरंटोने रोख रक्कम मोजून त्याला घेतले, तेव्हा एका दिवसाचे जुने नाते खऱ्या अर्थाने जुळले आणि चौदावा संघ मोजला गेला. तिथे त्याला मार पडला, हेही सांगितले पाहिजे.

आपण दिलेली कामगाराची उपमा जिथे तुटते ती जागा महत्त्वाची आहे. उचल घेतलेली नसेल तर यंत्रमाग कामगार उद्या सकाळी समोरच्या कारखान्यात जाऊ शकतो. पिचरला ती मुभा नसते. १९७५ पर्यंत तर खेळाडू कायमचाच एका संघाच्या मालकीचा असे. करार संपला तरी संघ तो एकतर्फी वाढवू शकत असे. ती अट मोडली ती दोन पिचरांनीच. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांनी १९७५ चा हंगाम करारावर सही न करता काढला आणि लवाद पीटर साइट्झ यांनी डिसेंबरमध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून खेळाडू मोकळा होऊ लागला, पण आजही त्यासाठी मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरावी लागते. तोवर त्याने कुठे राहायचे हे संघच ठरवतो. जॅक्सनचे सुरुवातीचे बहुतेक सगळे संघबदल या काळातले आहेत. तेव्हा त्याला कितीदा सोडले हे मोजण्यापेक्षा कितीदा घेतले हे मोजावे, असे माझे मत आहे. प्रत्येक वेळी समोर दुसरा कोणीतरी दाम मोजायला तयार होता.

प्रश्न : संघ पिचरला 'सोडतो' म्हणजे कागदावर नेमके काय होते? आयपीएलसारखा लिलाव असतो का? आणि अशा खेळाडूला पैसे किती मिळतात?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : लिलाव नसतो. आयपीएलमध्ये ॲरन फिंच नऊ संघांकडून खेळला, पण त्याचे संघ बहुधा हंगामाच्या आरंभी बदलत. बेसबॉलमधला पिचर जेवणाच्या सुट्टीत बदलला जाऊ शकतो, असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

प्रत्येक मेजर लीग संघाच्या दोन याद्या असतात. चाळीस जणांच्या यादीतील खेळाडूंवर त्या संघाचा हक्क असतो आणि त्यातले सव्वीस प्रत्यक्ष मेजर लीगच्या सामन्यांसाठी उपलब्ध असतात. उरलेले खालच्या मायनर लीगमध्ये खेळतात, तिच्या पायऱ्या सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए अशा चढत जातात. नवख्या खेळाडूला संघ तीन हंगामांपर्यंत हवे तेव्हा वर-खाली करू शकतो, याला 'ऑप्शन' म्हणतात. पूर्वी एका हंगामात किती वेळा खाली पाठवायचे याला धरबंध नव्हता. २०२२ पासून ही मर्यादा पाचवर आली. ऑप्शन संपलेला पिचर ही फिरत्या पिचरांची खरी जात. त्याला खाली पाठवायचे तर आधी चाळिसांच्या यादीतून काढावे लागते. त्यानंतर संघाच्या हाती सात दिवस असतात. तेवढ्यात त्याला दुसऱ्या संघाला द्यायचे, मोकळे करायचे किंवा 'वेव्हर'वर टाकायचे. वेव्हर म्हणजे बाकीच्या संघांना दिलेली जाहीर सूचना. गुणतक्त्यात तळाला असलेल्या संघाला पहिला हक्क मिळतो. कोणीच उचलले नाही तर तो ट्रिपल-एमध्ये जातो, आणि पूर्वीही एकदा त्याला असे उतरवले असेल तर नकार देऊन मोकळा होतो. ते सात दिवस पिचर नुसता फोनजवळ बसून असतो.

बदल्यात काय मिळते, याच्या कथा अजब आहेत. कधी 'नाव नंतर कळवू' अशा बोलीवर खेळाडू दिला जातो. १९८७ मध्ये शिकागो कब्जने डिकी नोल्स हा पिचर याच बोलीवर डेट्रॉइटला दिला आणि हंगाम संपल्यावर डेट्रॉइटने बदल्यात जो खेळाडू परत केला तो डिकी नोल्सच होता. हे ऐकून हसू येते. दुसरी गोष्ट ऐकून येत नाही. २००८ मध्ये कॅनडातील कॅलगरीच्या, मेजर लीगशी न जोडलेल्या एका स्वतंत्र लीगमधील संघाने आपला एक तरुण पिचर टेक्सासमधील लरेडोच्या संघाला दहा लाकडी बॅटींच्या बदल्यात दिला. वर्तमानपत्रांना मोठी गंमत वाटली, प्रेक्षक गावोगावी त्याला चिडवू लागले, आणि काही आठवड्यांतच त्या मुलाने खेळ सोडला.

पैशांचे म्हणाल तर वर आणि खाली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०२५ मध्ये मेजर लीगचा किमान वार्षिक पगार ७,६०,००० डॉलर होता, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी रुपये. याउलट खेळाडूंच्या संघटनेने २०२३ मध्ये केलेल्या पहिल्या करारानुसार ट्रिपल-एमधला किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर ठरला, आणि त्याआधी तो याच्या जवळपासही नव्हता. हंगामातला मेजर लीगचा एकेक दिवस चार हजार डॉलरच्या वर जातो, त्यामुळे फिरता पिचर सामने मोजण्यापेक्षा दिवस मोजतो. १७२ दिवस भरले की सेवेचे एक वर्ष धरतात. ४३ दिवस भरले की निवृत्तिवेतनाचा हक्क लागतो. बेचाळिसाव्या दिवशी खाली पाठवलेल्या माणसाच्या मनात काय येत असेल, ते आपणच ताडावे.

प्रश्न : आमच्या घरी बँकेच्या बदल्या होतात, त्यामुळे सामान बांधण्याचा त्रास काय असतो ते मला ठाऊक आहे. या खेळाडूंच्या बायका-मुलांचे काय होते, याविषयी कोणी लिहीत नाही.
— एक वाचक, दमाणी नगर

उत्तर : लिहिले जात नाही हे खरे आहे. आपल्याकडे बदलीचा हुकूम निदान शाळा सुटण्याच्या सुमारास निघतो. तिकडे नव्या संघाने घेतले की खेळाडूला ७२ तासांत हजर व्हावे लागते. घराचे भाडे, मुलांची शाळा आणि सामान हे सारे मागे राहिलेल्या पत्नीने निस्तरायचे. फेब्रुवारीच्या मध्यापासून फ्लोरिडा किंवा ॲरिझोनात सराव शिबिर, एप्रिलपासून एक शहर, मध्येच दुसरे, आणि ज्याला हिवाळ्यातही कमवायचे आहे त्याला डॉमिनिकन प्रजासत्ताक, मेक्सिको किंवा व्हेनेझुएलातली लीग. मायनर लीगच्या खेळाडूंना राहण्याची सोय करून देणे संघांवर २०२२ पासून बंधनकारक झाले. तोवर अनेक पोरे एकेका खोलीत चार-पाच जण गाद्या टाकून झोपत.

काही जण म्हणूनच दूर पण स्थिर जागा पत्करतात. मेरिल केली याला अमेरिकेत वरची जागा मिळेना, तेव्हा तो २०१५ मध्ये दक्षिण कोरियातील एसके वायव्हर्न्स संघात गेला आणि चार हंगाम तिथे राहिला. २०१९ मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी त्याने ॲरिझोनाकडून मेजर लीगमध्ये पहिले पाऊल टाकले, आणि २०२३ च्या वर्ल्ड सिरीजमधला दुसरा सामना त्याने सात इनिंग टाकून जिंकून दिला. माइल्स मिकोलास तीन वर्षे टोकियोच्या योमिउरी जायंट्सकडे होता. परतल्यावर पहिल्याच हंगामात, २०१८ मध्ये, त्याने सेंट लुईससाठी अठरा सामने जिंकले. एका गावात तीन-चार वर्षे सलग राहण्याचा खेळावर किती परिणाम झाला हे मोजता येत नाही, पण तो झालाच नसेल असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. आमच्याकडे बेसबॉलचा संघ आहे, आणि एकच मुलगा चांगला टाकतो म्हणून स्पर्धेत सगळे सामने त्याच्याकडूनच टाकून घ्यावे लागतात. एखादा पिचर पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत कसा टिकतो, आणि आमचा मुलगा दोन दिवसांत खांदा धरून का बसतो?
— एक शिक्षक, अक्कलकोट रस्ता

उत्तर : तो खांदा धरून बसतो, कारण आपण त्याच्याकडून सगळे सामने टाकून घेता. हे स्पष्ट लिहिल्याबद्दल राग मानू नये. एका हातावर स्पर्धा काढण्याची खोड आपल्याकडे सगळीकडेच आहे.

पिचरला धावत येण्याची मुभा नसते. दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावर, रबराच्या पट्टीला पाय लावून, साठ फूट सहा इंचांवरच्या होम प्लेटकडे, म्हणजे बॅटरजवळच्या जमिनीवरील पाटीकडे, त्याला उभ्याउभ्या सारा वेग निर्माण करावा लागतो. वेगवान गोलंदाजाला धावेचा जोर मिळतो आणि कोपर सरळ ठेवावे लागते. पिचर कोपर वाकवून चाबकासारखा झटकतो. त्या झटक्यात खांद्याजवळ हाताचा दंड ज्या गतीने आत वळतो ती सेकंदाला सुमारे सात हजार अंशांपर्यंत मोजली गेली आहे. त्याचा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर येतो. तो तुटला की पूर्वी कारकीर्द संपे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या दुसऱ्या हाताच्या मनगटातील स्नायुबंध काढून कोपरात बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला आणि शस्त्रक्रियेनंतर १६४ सामने जिंकून १९८९ मध्ये निवृत्त झाला. आज ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते, आणि तीतून पूर्ण सावरायला वर्ष ते दीड वर्ष लागते. आर. ए. डिकी या पिचरच्या उजव्या हातात तो अस्थिबंध जन्मतःच नव्हता. हे उघडकीस येताच टेक्सास रेंजर्सने त्याला देऊ केलेले ८,१०,००० डॉलर ७५,००० वर आणले. तो पुढे नकलबॉल शिकला, म्हणजे जवळजवळ न फिरता हेलकावे खात जाणारा संथ चेंडू, आणि २०१२ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवून बसला. त्याच वर्षीच्या जानेवारीत तो किलिमांजारो चढला होता, आणि त्यातून जमा झालेला निधी मुंबईत देहविक्रीच्या फेऱ्यात सापडलेल्या मुलींची सुटका करणाऱ्या संस्थेसाठी होता. विषय थोडा सुटला. पण अमेरिकेतल्या फिरत्या पिचरचा आपल्या राज्याशी इतका थेट संबंध क्वचितच आढळतो.

आता पंचेचाळिसाव्या वर्षीही खेळलेल्या रिच हिलविषयी. त्याचा खांदा २००९ मध्ये आणि कोपर २०११ मध्ये शस्त्रक्रियेतून गेले. सुरुवात करणाऱ्या पिचरची जागा गेली, तेव्हा तो हात बाजूने फिरवून टाकायला शिकला आणि एखाददुसऱ्या डावखुऱ्या बॅटरपुरता मैदानात येणारा रिलीव्हर, म्हणजे बदली पिचर, झाला. २०१५ च्या उन्हाळ्यात त्याला कुठेच जागा नव्हती, म्हणून तो लाँग आयलंड डक्स या स्वतंत्र लीगमधल्या संघाकडून पुन्हा पहिल्या इनिंगपासून टाकू लागला. बोस्टन रेड सॉक्सने त्याला उचलले आणि त्यांच्याकडच्या ब्रायन बॅनिस्टर या माजी पिचरने त्याला सुचवले की कर्व्हबॉल, म्हणजे वळत खाली जाणारा चेंडू, हे तुझे खरे अस्त्र असताना तू ते जपून का वापरतोस. अधिक टाक, वेग बदलून टाक. सप्टेंबरमधल्या चार सामन्यांत त्याने ३६ बॅटर स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले. पुढच्या वर्षअखेरीस डॉजर्सने छत्तिसाव्या वर्षी त्याच्याशी तीन वर्षांचा ४.८ कोटी डॉलरचा करार केला. त्या करारातच, २३ ऑगस्ट २०१७ ला, पिट्सबर्गमध्ये त्याने नऊ इनिंग एकही हिट दिला नाही, आणि आपल्या संघाला एकही धाव करता न आल्याने दहाव्या इनिंगमधल्या एका होम रनवर सामना १-० ने हरला. असा पिचर टिकतो तो वेगावर नाही. वेग उतरला की काय टाकायचे याची त्याने तयारी करून ठेवलेली असते. २०२० पासून रिलीव्हरने किमान तीन बॅटरना तोंड द्यावे किंवा इनिंग संपवावी असा नियम आला आणि एका बॅटरपुरते येणाऱ्या डावखुऱ्यांची जागा गेली; तोवर हिल ती जागा सोडून कधीच पुढे गेला होता.

आपल्या मुलासाठी मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल ही अमेरिकेची राष्ट्रीय संघटना यांनी २०१४ मध्ये काढलेले संकेत वापरावेत. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने एका दिवसात पंच्याण्णवपेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत. एकतीस ते पंचेचाळीस झाले तर एक दिवस, सेहेचाळीस ते साठ झाले तर दोन, पंच्याहत्तरपर्यंत तीन आणि त्यापुढे चार दिवस हाताला विश्रांती हवी. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाची मर्यादा पंच्याऐंशी आहे. टाकून झाल्यावर त्यालाच कॅचर, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणारा, म्हणून बसवू नये, आणि वर्षातले चार महिने त्याने चेंडू टाकण्यापासून लांब राहावे. सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा ही सुट्टी मार्च ते जूनमध्ये घातली तर दोन्ही कामे होतील. चेंडूंची संख्या धावफलकाशेजारी बसलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने वहीत रेघा मारून मोजली तरी पुरते.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा वेगवान गोलंदाज होता, आता पिचिंग करतो आणि अमेरिकेला जाण्याचे बोलतो. त्याला उत्तेजन द्यावे की आवरावे?
— एक पालक, बाळे

उत्तर : आधी घडलेले एक उदाहरण पाहू. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या नावाच्या स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले. दोघांनी तोवर बेसबॉल खेळलेला नव्हता. अमेरिकेत काही महिने शिकवल्यावर पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांशी करार केला. पटेल दोन हंगामांनंतर परतला. रिंकू सिंग सिंगल-एपर्यंत पोहोचला, पण हाताच्या दुखापतींनी त्याला गाठले. पुढे तो डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत वीर महान या नावाने उतरला. मेजर लीगपर्यंत दोघांपैकी कोणी गेला नाही. त्यांच्यात जिद्द कमी होती असे मुळीच नाही. ज्या देशांत मुले सातव्या-आठव्या वर्षापासून हा खेळ खेळतात त्यांच्याशी गाठ होती.

म्हणून अमेरिका हे ध्येय त्याने मनात ठेवायला हरकत नाही, पण घराचे गणित त्यावर मांडू नये. इथे शालेय स्पर्धा आहेत, पुढे आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत, राज्य संघ आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल परत येतो आहे, पण फक्त सहा संघांसाठी, तेव्हा त्या वाटेनेही फार अपेक्षा नको. बारावी सोडून कोणी अकादमीत घालायला सांगितले आणि आधी पैसे मागितले तर तिथून उठून यावे.

मुलाला तपासायचे असेल तर त्याचा वेग मोजत बसू नका. तो सगळेच मोजतात आणि त्यानेच मुले हात मोडून घेतात. साठ फूट सहा इंच अंतर टेपने मोजा, होम प्लेटच्या रुंदीची, म्हणजे सतरा इंचांची, खूण करा, मागे कॅचर बसवा आणि गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या पट्ट्यात वीसपैकी किती चेंडू पडतात ते लिहून ठेवा. मेजर लीगमध्ये दर वीस चेंडूंतले सुमारे तेरा स्ट्राइक धरले जातात, अर्थात त्यांत बॅटरने बाहेरच्या चेंडूवर फिरवलेली बॅटही असते. तुमचा मुलगा आठवड्यातून दोनदा, थकलेला असतानाही, अकरा-बारापर्यंत पोहोचू लागला तर त्याला चेंजअप, म्हणजे वेगवान चेंडूसारखाच हात फिरवून टाकलेला संथ चेंडू, शिकवणारा प्रशिक्षक शोधा. सहा-सातवर अडकत असेल तर एवढ्यात नवा चेंडू शिकवू नका. पाय पट्टीवर कुठे ठेवतो आणि डोके कुठे जाते, एवढेच काही महिने पाहा.